खिडकीवरचं कपाट

वैशालीनं दार ढकललं आणि भर दुपारी दिवा लागलेला बघून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हौसाआजीच्या खोलीतली खिडकीच गायब होती! तिच्या जागी छतापर्यंत प्लायचं कपाट उभं होतं, आणि महिपती मिस्त्री, म्हणजे तिचा सख्खा बाप, त्याला हँडल बसवत होता.

"बाबा, हे काय केलंत? ड्रॉइंगमध्ये कपाट दारामागं आहे."

"निलेशभाऊचा फोन आलता. म्हणाला, खिडकीतनं धूळ येते, झाकून टाक."

"मग मला का नाय विचारलं?"

"तुला काय इचारायचं गो? घर त्याचं, हत्यार माझं. माझ्या बापानं निम्म्या वरसे गावाची घरं सजवली, तवा कुठं होती डिझायनर? मालक नि सुतार, दोघांत घर उभं ऱ्हायचं. मधी ही तिसरी कोण?"

धाटावच्या कंपनीतून शिफ्ट उरकून आलेला निलेश दारात उभा राहून फिदीफिदी हसला. वैशालीनं पुण्यात शिकून रोह्यात स्वतःच्या नावाची पाटी लावली होती. तरी लोक तिला 'पडदेवाली' म्हणत आणि ठरवायचं ते तिच्या बापाशी परस्पर ठरवून टाकत. आजवर तिनं ते गिळलं होतं. पण आज समोर निलेशची आई, हौसाआजी, बसली होती. सगळा जन्म मिठागरात, उघड्यावर काढलेली ही बाई नव्याकोऱ्या खोलीत पलंगाच्या कडेला अंग चोरून बसली होती.

"दोघांत घर व्हायचं, नाय का?" वैशाली कडाडली. "मग जी इथं झोपणार, तिला कधी कुणी विचारलं? आजी, तू सांग. तुला काय पायजे?"

म्हातारीनं लेकाकडं बघितलं. मग हळूच म्हणाली, "कोंडल्यागत होतंय गो."

"झालं तर! बाबा, कपाट उतरवा."

"बापाला हुकूम सोडतेस?"

"मिस्त्रीला सांगते. जमत नसेल तर दुसरा मिस्त्री आणीन. आणि निलेशदादा, तुम्हाला पटत नसेल तर दुसरी डिझायनर बघा!"

निलेशचं हसू मावळलं. "उतरव, मिस्त्री," तो पुटपुटला आणि निघून गेला.

महिपतीनं स्क्रू काढले. एकेक फळी भिंतीला टेकवून ठेवली. आजीनं खिडकी उघडली तसा नदीवरचा वारा आत आला. वैशालीच्या जिवाला जरा थंडावा वाटला. तिनं पिशवीतून डबा काढला.

"बाबा, चला, जेवून घेऊ."

महिपतीनं हत्यारांची पेटी उचलली.

"तुम्ही घ्या जेवून, मॅडम. आम्ही मिस्त्री लोक भाईर बसतो."

तो गेला. आजी कावरीबावरी होऊन बघत राहिली.

"गो, तुझा बा रागावला काय?"

"नाय आजी," वैशाली म्हणाली. "डिझायनरशी मिस्त्री असाच बोलतो."

पण तिनं डबा न उघडताच पिशवीत परत ठेवला.