बांधावरचा खोबऱ्या

मालूकाकूंच्या शेतात त्या सकाळी हे होतं: केळीची तीन हजार एकशे अठरा खोडं, त्यांपैकी निसवून घड बाहेर आलेली दोन हजार सहाशे चार, एक बोअर, एक मोटरघर, कडुनिंब दोन, बाभळी पाच. बांधावर एक आंबा. सरकारी माणसं दुपारी आली आणि त्यांनी खोडं सरळ एकतीसशे धरली. माझा आकडा जास्त बरोबर होता. मला कोणी मोजायला सांगितलं नव्हतं. शेजारणीने वाळत घातलेल्या साड्या एखादी बाई येता-जाता मोजते, तशा मी आमच्या शेताच्या बाजूने उभी राहून ओळी मोजल्या होत्या.

चौपदरी रस्त्यासाठी काकूंचा अख्खा तुकडा गेला. टोल नाक्यामुळे रस्ता तिथे रुंद होत होता आणि आखणी बरोबर आमच्या बांधाशी येऊन थांबली. आमच्या शेतातून गेलं शून्य. काकूंना मुआवजा किती मिळाला ते त्यांनी आईला आवाज खाली करून सांगितलं. आईला आकड्यापेक्षा तो खाली केलेला आवाज जास्त लागला. चावडीवर ओरडून सांगितलं असतं तरी चाललं असतं, असं ती दोन दिवस म्हणत होती.

अडचण अशी की मागचा तुकडा आईनेच निवडला होता. आमच्याकडे वाटणीची रीत आहे, थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दोन वाटे पाडले. आधी उचलायचा हक्क धाकट्या निरंजनकाकांचा, म्हणजे मालूकाकूंच्या नवऱ्याचा होता. पण मालूकाकू तेव्हा नव्या नवरी होत्या; त्या म्हणाल्या, मोठ्या जाऊबाईंनी आधी घ्यावं. आईने मागचा तुकडा घेतला. पुढच्याला रस्त्याची धूळ, मोकाट गुरं, येणारा-जाणारा घड तोडून नेणार. ही हुशारी आई चोवीस वर्षं पाहुण्यांना सांगत आली. आता तीच निवड तिला काकूंचा डाव वाटू लागली. लोक म्हणाले, भागाबाई, तुमचं शेत आता रस्त्याला लागेल, भाव येईल. ते तिच्या कानात शिरलं नाही.

मीही काही वेगळी नव्हते. बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्रात मला पहिला वर्ग होता आणि वर्षभर मी शहरात शनवारा भागातल्या एका क्लासमध्ये दहावीच्या मुलांना शिकवत होते, कारण इंदोरला एम.एस्सी. करायचं तर फी आणि राहणं अण्णांच्या कागद मिलच्या पगारात बसत नव्हतं. काकूंची रंजिता माझ्याच वर्गात होती. माझ्या जर्नलवरून आकृत्या काढून ती दुसऱ्या वर्गात पास झाली. जमिनीचे पैसे जमा झाले आणि महिन्याभरात तिचं इंदोरचं ठरलं. एकदा तिने मला दोन मायक्रोस्कोपचे फोटो पाठवून विचारलं, तेजू, कौनसा लूँ? मी दोन्हींच्या भिंगांची माहिती वाचून खरं उत्तर दिलं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

झाडांचे पैसे अजून यायचे होते, आणि त्यांत मोठा वाटा होता तो आंब्याचा. खोबऱ्या जातीचा, गर पांढरट आणि कुरकुरीत, लोणच्याला त्याच्यासारखा नाही. वाटणीत झाड कापून देता येत नाही, म्हणून तेव्हा ठरलं होतं, एक साल आमचं, एक साल काकूंचं. दोन्ही घरांना हे न्यायाचं वाटलं. पण गावठी आंबा बहुधा एक साल आडच भरतो. भरघोस फळ लागलं की झाडाची साठवण संपते आणि पुढच्या वर्षी मोहोर कमी येतो. आमच्या खोबऱ्याचं भरायचं साल प्रत्येक वेळी काकूंच्या पाळीला येत होतं. कॉलेजात हे शिकले तेव्हा मी घरी येऊन मोठ्या हौसेने आईला समजावलं. तोवर ती मालूच्या हाताला गुण आहे असं म्हणायची. माझं ऐकताना ती तांदूळ निवडत होती.

"म्हणजे इतकी वर्षं भरलेलं झाड तिनं खाल्लं," ती म्हणाली. "आन मी पानं मोजली."

सरकारी कागदात आंबा काकूंच्या खसऱ्यात, म्हणजे त्यांच्या गट नंबरात, धरला गेला. काकू स्वतः आमच्या ओट्यावर येऊन सांगून गेल्या, झाड दोघींचं आहे, माझ्या खात्यात पैसे आले की अर्धे तुमचे. त्या अर्ध्यात माझं इंदोरचं पहिलं वर्ष निघत होतं. मी ते त्यांच्यासमोर बसल्या बसल्या मनात मोजून पाहिलं. आईने चहा दिला, साखर जास्त घालून दिली. काकू गेल्यावर कप विसळताना ती म्हणाली की तिच्या हातून एक रुपया घेणार नाही. दुसऱ्या दिवशी बसने खकनारला जाऊन तिने तहसीलीत सीमांकनाचा अर्ज टाकला. आंबा माझ्या हद्दीत आहे, मोजून मिळावा.

मी तिला शांतपणे सांगितलं. आपली हद्द आणि रस्त्याची आखणी एकच आहे. झाड काकूंच्या बाजूला निघालं किंवा हद्द खोडातून गेली, तर सरकार ते घेईल आणि पैसे देईल. झाड पूर्ण आपल्या बाजूला निघालं, तर सरकारचा त्याच्याशी संबंधच नाही. कोणी तोडणार नाही, कोणी पैसे देणार नाही.

"समजलं मले," आई म्हणाली. "तिले बी नाही ना मग?"

"तिलाही नाही."

"मोजू दे. तिचं साल बी आता आपलंच."

मी इंदोरचं नाव काढलं. ती म्हणाली, तुझी फी मी करीन कशी बी. त्या 'कशी बी'चा आकडा मी विचारला नाही.

मोजणी मार्चच्या शेवटी झाली. पाळीप्रमाणे साल काकूंचं होतं आणि झाड कैऱ्यांनी लगडलं होतं. पटवारी तरुण होता. गावच्या दोन पक्क्या दगडांवरून मापं घेऊन त्याने हद्दीची दोन टोकं काढली, खुंट्या ठोकल्या. दोन्ही घरचं एकेक माणूस हवं म्हणून एका खुंटीशी रंजिता, दुसरीशी मी. आम्ही दोरी ताणून बांधली. आंब्याचं बूड बांधाच्या मातीत फुगलेलं होतं, आणि दोरी त्याला लागली की नाही हे उभ्याने कळत नव्हतं.

"रस्सी पेड से गई तो साझा लिखूँगा," पटवारी म्हणाला. "आधा-आधा सीधे दोनों के खाते में. नहीं तो जिसकी तरफ, उसका. नाप के बताओ."

टेप त्याने माझ्या हातात दिली, कारण काकूच त्याला म्हणाल्या, पोरगी खोटं वाचत नाही. आईची नजर काकूंच्या मनगटावर होती. तिथे नव्या पाटल्या होत्या.

मी बुंध्याशी उकिडवी बसले. रंजिता येऊन समोर बसली.

"तेजू, साझा बोल ना," ती हळूच म्हणाली. तिने दोरीवर एक बोट ठेवलं आणि दोरी सालीला टेकली. "बघ, लागली. किसी का नुकसान नहीं है. बडी मम्मीला पण थेट खात्यात येतील, आमच्या हातून घ्यायला नको. तू चल माझ्यासोबत."

पैसे थेट खात्यात आले तर आईला नाही म्हणायला जागा उरणार नव्हती. मी दोरीकडे बघत होते. टेकलेली दिसायला एक बोट पुरत होतं.

"रूम मी घेतलीय," रंजिता म्हणाली. "तू बस आ जा. किराया मैं दे दूँगी. मायक्रोस्कोप पण तू वापर, तूच तर निवडलास."

ती हे मनापासून म्हणाली. मी त्यात खोट शोधली आणि मला ती सापडली नाही.

मी तिचं बोट उचलून बाजूला केलं. दोरी आपल्या जागी परत गेली, थरथरली, थांबली. साल जिथे सगळ्यात जवळ होती तिथे मी टेपचं शून्य दोरीला लावलं आणि डोळा बरोबर आकड्याच्या वर आणला. तीनदा वाचलं. तिन्ही वेळा तेच आलं.

"काय आलं?" आईने विचारलं. पटवाऱ्याने पेन उघडलं.

"दोरीपासून सालीपर्यंत चार पूर्णांक दोन सेंटिमीटर," मी म्हणाले. "भागाबाईंच्या बाजूला."