करडीचं तेल प्यायलेलं जहाज

मी एक लाकडी जहाज आहे, मित्रांनो. शिडाचं, हातभर लांबीचं, तीन डोलकाठ्यांचं. वय विचाराल तर अवघं दीड वर्ष, पण तेवढ्यात म्हातारा झालो. समुद्र मी पाहिलेला नाही आणि आता पाहीन असंही वाटत नाही. माझा मुक्काम माकणी गावात आहे, धरणाकाठच्या एका शेतकऱ्याच्या घरी, बियाण्याच्या पोत्यांच्या वर, भिंतीतल्या फळीवर. पाहुणे येतात, मला बघतात आणि "इथं कुठलं आलं जहाज?" म्हणून हसतात. त्यांचं चुकत नाही. पण माझी हकिकत ऐकल्यावर तुम्ही हसणार नाही.

मी आलो तेव्हा जहाज नव्हतोच. एका खोक्यात माझे तुकडे होते. पाठीचा कणा, बरगड्या, पातळ पातळ फळ्या, दोऱ्याच्या गुंड्या, शिडांचं पांढरं कापड आणि इंग्रजीतले चार मोठे कागद. खोकं पाठवलं होतं अमरसिंहनं. तो या घरातला एकुलता एक मुलगा. मालवाहू जहाजावर खलाशी म्हणून लागला होता आणि चढायच्या आदल्या दिवशी त्यानं मुंबईहून मला वडिलांच्या नावावर पाठवून दिलं.

का पाठवलं, हे सांगायला हवं. अमरसिंह घर सोडून निघाला तेव्हा त्याचे वडील, उत्तरेश्वर अण्णा, चार माणसांत म्हणाले होते, "तिफणीची मूठ धरता येईना ह्याला, जहाज काय धरतंय!" माणसं हसली. पोरगं हसलं नाही. बापलेकांत त्यानंतर बोलणं होतं, पण कामापुरतं. म्हणून मी आलो. आपण काय काम करतो ते वडिलांना एकदा हातात धरून बघू दे, असं त्याच्या मनात असावं. चिठ्ठीत मात्र एवढंच होतं, "अण्णा, वेळ मिळंल तसं जोडा. येळवसेला येतो."

येळवस म्हणजे वेळा अमावस्या, मार्गशीर्षात रानात जाऊन पिकाची पूजा करायचा सण. आमच्याकडे त्या दिवशी गाव ओस पडतं आणि रानं भरतात. अण्णांना वाटलं, तोवर आपण हे जहाज उभं करायचंच.

अण्णांना इंग्रजी येत नव्हतं, पण चित्र वाचता येत होतं. आकडा बघायचा, तुकडा शोधायचा, बसवायचा. तिफण, कुळव, खुरप्याचे दांडे, सगळं त्यांच्या हातचं. सारं गाव त्यांच्याकडून दांडा बसवून नेई. तेव्हा माझ्या फळ्या हातात घेऊन त्यांनी पहिली गोष्ट कोणती केली असेल? आयुष्यभर जी केली तीच. त्या पातळ, कोरड्या फळ्या बघून त्यांना माझी कीव आली. "लाकूड लई तहानलंय," ते बायकोला, कमलबाईंना म्हणाले. आणि त्यांनी मला घरच्या करडीचं तेल पाजलं. तीन दिवस, उन्हात ठेवून, बोटांनी चोळून चोळून. खोटं कशाला बोलू, माझे तेवढे लाड पुन्हा कुणी केले नाहीत. पेरणीआधी तिफणीला ते जसं तेल देत, तसंच मला दिलं.

पण मी तिफण नव्हतो. मला डिंकानं जोडायचं होतं आणि तेलकट लाकडावर डिंक धरत नाही. कागदावर ते लिहिलेलं होतं. आधी जोडणी, चकाकी शेवटी. मला ते ठाऊक होतं, पण मला तोंड कुठं होतं? अण्णा फळी बसवत, दाबून धरत, हात काढला की फळी टपकन वर. श्रावण सरला तरी माझी एक बाजू धड होईना.

अशात एका बंदरातून अमरसिंहचा फोन आला. चित्र दिसणारा फोन. अण्णांनी हौसेनं तो माझ्यापुढं धरला. "बघ रं, कसं होतंय!" तेव्हाच माझ्या दोन फळ्या सुटून लोंबत होत्या.

"अण्णा, हे चमकतंय कशानं?"

"तेल दिलंय की. करडीचं."

पलीकडं पोरगं कावलं. दोन दिवसांचा जागा होता म्हणे. "अहो, तेल कशाला लावलं! कागदावर लिवलंय की सगळं. एवढं हौसेनं पाठवलं आन् तुम्ही पार वाट लावली. द्या फेकून आता ते."

तेवढ्यात रेंज गेली. पडद्यावर त्याचा चेहरा तसाच थिजून राहिला. अण्णा त्या चेहऱ्याला विचारत राहिले, "ऐकू येतंय का रं? अमर, ऐकू येतंय का?"

त्यानंतर फोन येत राहिले, पण पाऊस, सोयाबीन, धरणाचं पाणी यांपलीकडं बोलणं गेलं नाही. माझं नाव दोघांनीही काढलं नाही. दोघंही सारखेच हट्टी.

पण अण्णांनी मला फेकलं नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांनी माझी एकेक फळी उकलली. चुलीतली राख चाळली आणि माझ्या फळ्या त्या राखेत पुरल्या. राखेनं तेल ओढलं की झटकायच्या, काच पेपरनं घासायच्या, पुन्हा नव्या राखेत. दोन महिने हे चाललं. सात फळ्या मात्र हातच्या गेल्या. त्यांच्या जागी अण्णांनी बांधावरच्या कडुलिंबाच्या फळ्या तासल्या, कागदासारख्या पातळ. माझी डावी कूस अजून लिंबाची आहे. डिंक वाळेतोवर फळी धरून ठेवायला त्यांनी कपड्यांचे चिमटे लावले, घरातले सगळे.

"माझी लुगडी उडून धरणात जायला लागलीत," कमलबाई करवादायच्या. "जहाज जमिनीवर आन् लुगडी पाण्यात!"

अण्णा हसायचे. एकदा मात्र हात थांबवून म्हणाले, "त्याला सांगू नको बरं का. येळवसेला दावतो. एकदा त्यानं 'चांगलं झालंय' म्हणलं की बास मला."

बास, एवढंच. या माणसाला माझ्यातून दुसरं काही नको होतं.

कार्तिक संपता संपता मी पुरा झालो. कणा, बरगड्या, डोलकाठ्या, दोर, सगळं जागच्या जागी. शिडं तेवढी पुडीतच ठेवली. "ती त्याच्या हातानं बांधू दे," अण्णा म्हणाले. चार दिवसांनी सकाळी ते ज्वारीला पाणी द्यायला रानात गेले आणि छातीत कळ येऊन बांधावरच बसले, त्याच लिंबाखाली. दवाखान्यापर्यंत पोचलेच नाहीत.

अमरसिंहचं जहाज तेव्हा भर समुद्रात होतं. बंदर लागायला अकरा दिवस होते. तो घरी पोचला तेव्हा तेरावाही होऊन गेला होता.

घरात दुःख असलं की सण नसतो. पण येळवसेला कमलबाई म्हणाल्या, "माणूस गेलं म्हणून रान उपाशी ठेवायचं न्हाय." त्यांनी आंबील केली, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी केली, एका पाटीत ते भरलं आणि दुसऱ्या पाटीत मला घेतलं, वर अण्णांचं उपरणं झाकून. रानात कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोप, भाऊबंदांनी उभी केली होती, आत पाच पांडवांचे चुन्यानं रंगवलेले दगड. पूजा झाली. आंबील शिंपडत, आरोळ्या देत पिकाला वेढा घालायचं काम दर वर्षी अण्णांचं. ते अमरसिंहनं केलं, आरोळी न देता. परत आला तेव्हा कमलबाईंनी माझ्यावरचं उपरणं काढलं.

अमरसिंह पाटीपुढं खाली बसला.

"हे... फेकलं न्हवतं?"

"दोन महिने राखेत घोळवलंय त्यांनी," त्या म्हणाल्या. "तुला दावायचं होतं. शिडं तुझ्यासाठी ठेवलीत. बांध."

त्यानं मला मांडीवर घेतलं. लिंबाच्या फळ्यांवरून बोट फिरवलं, सात मोजल्या. मग मला नाकाशी धरलं. किती राख खाल्ली तरी माझ्या पोटात खोलवर करडीचं तेल अजून आहे, मित्रांनो. तो वास त्याला आला आणि मग तो रडला. घरी आल्यापासून पहिल्यांदा, असं कमलबाई नंतर सांगत होत्या. रडतच त्यानं शिडं बांधली. गाठी खलाशाच्या होत्या, पक्क्या.

शेवटची गाठ झाल्यावर तो मला दोन्ही हातांत धरून बोलला, "अण्णा, लई चांगलं झालंय." मग रेंज नसल्यासारखं पुन्हा मोठ्यानं म्हणाला, "लई चांगलं झालंय, अण्णा. ऐकू येतंय का?"

ऐकलं मी. कमलबाईंनीही. पण ते वाक्य आमच्यासाठी नव्हतं.

आता तो पुन्हा समुद्रावर आहे. कमलबाई दर सोमवारी मला पुसतात, फोन आला की माझ्यापुढं धरतात. माझी निगा उत्तम आहे, तक्रार नाही. पुष्कळ वस्तू तुम्हाला सांगतात, आम्हाला जपा, धूळ झटका. मी तसं काही मागणार नाही. मी लाकूड आहे, थांबू शकतो. मला राखेत पुरलं तरी पुन्हा जोडता आलं. तुमच्या घरात कुणी तुमच्यासाठी काही करत बसलं असेल, वेडंवाकडं का असेना, चुकीचं का असेना, तर आजच त्याच्याजवळ जा आणि म्हणा, चांगलं झालंय. त्याला ऐकू येतंय, तोवर म्हणा.