छत्री, शिडी आणि नऊ फुटी काच

आमचं काचेचं दुकान आहे. आमचे हे काच कापतात, माझा धाकटा भाऊ ती जागेवर बसवतो आणि मी पुढच्या टेबलाशी बसून मापं लिहून घेते. शिवाय दोघांना ताळ्यावर ठेवणं हेही माझंच काम, आणि ते जास्त अवघड आहे.

मोठी काच दोघांनी उभी धरून न्यायची असते. भाऊ पुढे, तोही उलटा चालत, म्हणजे त्याला मागचं काही दिसत नाही. ह्यांचं तोंड त्याच्याकडे, म्हणून हे बोलत राहतात: पायरी, वाक, थांब, हळू. पंधरा वर्षं हे बोलले आणि तो डोळे मिटून मागे मागे चालला. एकदाही काच फुटली नाही.

मग निवडणूक आली. एकीकडे छत्रीवाले, दुसरीकडे शिडीवाले. आता माझ्या घरच्यांना राजकारणाचं किती कळतं ते मला विचारा. गेल्या वेळी ह्यांनी मत कुणाला दिलं ते घरी येईपर्यंत विसरले होते. भाऊ तर दाढ दुखते म्हणून गेलाच नव्हता.

पण ह्या वेळी हातात फोन होते. ह्यांनी छत्रीवाल्यांचा एक व्हिडिओ तीनदा बघितला. का, तर भाषण करणाऱ्याच्या मागे एक बाई आरसा पुसत होती आणि चुकीचा पुसत होती. भावाने शिडीवाल्यांचा बघितला, कारण त्यांच्या पुढाऱ्यामागच्या खिडकीला तडा होता आणि तो कशाने गेला असेल ते त्याला शोधायचं होतं. फोनला ह्यातलं काय कळणार? त्याला वाटलं, आवडलं. दुसऱ्या दिवशी दहा आले, तिसऱ्या दिवशी पन्नास. पंधरवड्यात हे कट्टर छत्री झाले आणि तो कट्टर शिडी.

कट्टर म्हणजे किती? ह्यांनी दुकानातली शिडी वापरणं सोडलं. वरची खिडकी असली की खुर्चीवर स्टूल ठेवून चढायचे. म्हणे, त्या पक्षाच्या वस्तूला मी पाय लावणार नाही. मी म्हटलं, अहो, शत्रूची आहे तर उलट रोज तुडवा की. त्यावर चार दिवस माझ्याशी अबोला. तिकडे भावाने दारासमोरची मोठी छत्री काढून अडगळीत टाकली आणि स्वतः उन्हात बसून टकलाची सालं काढून घेतली.

शेवटी दोघांचं बोलणंच बंद झालं. काच नेताना मला मध्ये चालावं लागे. हे म्हणायचे, सांग त्याला, पायरी आली. मी 'अरे, पायरी' म्हणेपर्यंत तो पायरीवर बसलेला असायचा. असाच एक न्हाणीघराचा आरसा गेला, अकरा तुकडे झाले. भावाला खरचटलं नाही हे नशीब, पण तो उठला तो कपडे झटकतच म्हणाला, "ताई, आता बास. चष्मेवाल्याची नऊ फुटी काच तेवढी बसवतो आणि मग माझं दुकान वेगळं."

आई-वडील गेल्यापासून माझं माहेर म्हणजे हा एकटा. रोज सकाळी आठला हे माहेर आमच्या दारातून आत येतं आणि चहा मागतं. ते उद्या येणार नाही म्हटल्यावर मी मागच्या खोलीत, खोक्यांच्या आड जाऊन पोटभर रडले. कशापायी, तर एका छत्रीपायी.

रडून झाल्यावर लेकीला फोन लावला. ती परगावी क्रेन चालवायला शिकते. तिला पाठवायचा निर्णय माझा बरं का. आधी मी ठाम नाही म्हणत होते, पोरीच्या जातीने आकाशात लोंबकळायचं म्हणजे काय. पण त्या दिवसांत माझ्या फोनवर योगायोगाने मोठाली यंत्रं चालवणाऱ्या बायका यायला लागल्या, देवानेच धाडल्यासारख्या. त्या बघून मी शांतपणे विचार केला आणि मला पटलं. मी कुणाच्या नादी लागणारी नाही, माझं डोकं माझं आहे.

लेक म्हणाली, "आई, फोनला माणूस कळत नाही, अंगठा कळतो. तू दुसरं दाखव, आठवड्यात दुसरं मागायला लागतील."

आमच्या दुकानाचा नियम आहे, काच कापताना फोन माझ्या ड्रॉवरमध्ये. सकाळचे तीन तास दोन्ही फोन माझ्याच ताब्यात. ह्यांच्या फोनच्या कुलपाचा नंबर ह्यांचाच वाढदिवस, आणि भावाचा एक-दोन-तीन-चार. मी ह्यांच्या फोनवर शिडीवाले लावले, भावाच्या फोनवर छत्रीवाले. म्हटलं, एकमेकांची बाजू थोडी कळेल, मध्ये कुठेतरी भेटतील. अंगठा सुजला, पण मी मागे हटले नाही.

नवव्या दिवशी हे चहा पिता पिता म्हणाले की छत्रीवाल्यांनी सगळ्यांचं वाटोळं केलं. मला आनंदाने काय करू नि काय नको झालं. दुकानात पोचलो तर भाऊ दारात मोठी छत्री उघडून तिच्याखाली बसलेला, छातीवर छत्रीचा बिल्ला. ह्यांनी बिल्ला बघितला, त्याने ह्यांच्या खांद्यावरची, घरून मिरवत आणलेली शिडी बघितली, आणि दोघे पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसले. भांडण जसंच्या तसं, फक्त माणसं जागा बदलून.

मी म्हटलं, अहो, तुम्हीच ना परवापर्यंत छत्री छत्री करत होता? हे म्हणाले, मी कधीच नव्हतो. भाऊही म्हणाला, ताई, तुझा काहीतरी गोंधळ होतोय. दोघांचं एकमत झालं ते एवढ्यावरच. कपाळाला हात लावावा तरी किती?

काच बसवायला पाच दिवस उरले होते. मी रागारागाने ड्रॉवर उघडला आणि दोन्ही फोन वर-वर सरकवत सुटले. तेवढ्यात एक माणूस दिसला. चिखलाने काळाकुट्ट झालेला गालिचा त्याने अंथरला, पाणी मारलं, साबण ओतला आणि घासायला लागला. खालून निळी फुलं निघाली. मी दुसरा लावला, मग तिसरा. दोन गिऱ्हाइकं उभी राहून निघून गेली तरी माझी मान वर नाही. मग दोन्ही फोनवर पाच दिवस गालिचे, फक्त गालिचे.

काच बसवायच्या दिवशी चष्मेवाला दुकानाचं दार धरून उभा होता. भाऊ उलटा, हे समोर, मध्ये नऊ फूट काच आणि पुढे दोन पायऱ्या. हे तोंड घट्ट मिटून चालत होते. मी 'अरे, पायरी' म्हणायला तोंड उघडलं. भावाची टाच पायरीपासून वीतभर राहिली.

तेव्हा हे कुणाकडेच न बघता म्हणाले, "काल तो हिरवा गालिचा बघितलास?"

भाऊ थांबला. "हिरवा कुठला, भावोजी? धुतल्यावर पिवळा निघाला ना. पायरी आली का?"

"आली. दोन आहेत. हळू."

काच बसली. चष्मेवाल्याने त्या काचेत स्वतःचे केस नीट केले. मी बाहेरच्या बाकावर बसले आणि पुन्हा रडले, पण ह्या खेपेला बरं वाटत होतं. वेगळ्या दुकानाचा विषय पुन्हा निघाला नाही.

मतदानाला लेक घरी आली. हे आणि भाऊ रांगेत एकामागे एक उभे राहून आधी साबण की आधी पाणी ह्यावर भांडत होते. परत आल्यावर मी विचारलं, मत कुणाला दिलं? हे म्हणाले, ते गुप्त असतं. तोंड बघून मला कळलं की विसरले आहेत.

संध्याकाळी मी लेकीला सगळं रंगवून सांगितलं. म्हटलं, काय गं ह्या पुरुषांची डोकी, कुणीही यावं आणि फिरवून जावं. आठ दिवसांत इकडचे तिकडे, आणि वर म्हणतात आम्ही आधीपासून असेच.

ती संत्रं सोलत होती. एक फोड तिने माझ्या हातावर ठेवली.

"आठच?" ती म्हणाली. "क्रेनच्या वेळी तुला बारा लागले होते, आई."