गढूळ नळ्या

आमच्या घरात मला दीडशहाणी म्हणतात. नाव ताईनेच ठेवलेलं, आणि ते खोटं नाही. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये जंतू वाढवायचे आणि त्यांना कुठलं औषध लागू पडतं ते बघायचं, हे माझं सव्वीस वर्षांचं काम. गोळी पोटात जाऊन काय करते, हे लोक कधी विचारत नाहीत. जेवणाआधी घ्यायची की नंतर, एवढंच विचारतात.

त्या सोमवारी मी ताईची प्लेट उघडली. मुतखड्याचं साधं ऑपरेशन, पण तिसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप भरला आणि जंतू रक्तात गेले. घरच्या माणसाचं सॅम्पल दुसऱ्याने बघायचं, असा आमच्याकडे नियम आहे. मी कुणाला हात लावू दिला नाही.

प्लेटवर जंतूंचा पातळ थर पसरवायचा आणि त्यावर औषधात भिजवलेल्या कागदी टिकल्या ठेवायच्या. औषध लागू पडलं, तर टिकलीभोवती स्वच्छ गोल उमटतो आणि तो मी पट्टीने मोजते. ताईच्या प्लेटवर बारा टिकल्या होत्या आणि पट्टी लावावी असा एकही गोल नव्हता. आतड्यात सगळ्यांच्याच असतो तोच साधा जंतू, पण हा मेला सगळं शिकून आला होता. काही औषधं जंतूला स्वतःची भिंत बांधू देत नाहीत. हा त्या औषधांचेच तुकडे पाडत होता. काही आत शिरून काम करतात; त्यांना हा आल्या पावली बाहेर काढत होता.

वॉर्डातली डॉक्टर पोरगेलीशी आहे, पण तोंडावर खरं बोलते. तिने मला आणि भाऊजींना बाजूला घेऊन सांगितलं, की आता एकच औषध उरलंय. जुनं आहे, मूत्रपिंडाला त्रास देतं, पण इलाज नाही. रिपोर्टची वाट न बघता ते आजच सुरू करते, म्हणाली, आणि नाव लिहून दिलं. भाऊजींनी चष्मा पुसून चिठ्ठी वाचली आणि त्या आठवड्यात पहिल्यांदाच त्यांचा चेहरा उजळला.

"अगं, हे तर आपलंच," ते मला म्हणाले. "घरी अर्धं पोतं पडलंय. पिल्लांना काय गुण येतो याचा!"

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागली. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले.

भाऊजींची कोंबड्यांची शेड आहे. वीस वर्षांपूर्वी तिथे हगवणीने पिल्लं मरत होती, रोज टोपलीभर. भाऊजींनी हात टेकले होते. माझ्या अंगात तेव्हा शहाणपण उतू जात होतं. मीच त्यांना कोलिस्टिन सुचवलं. खुशाल घाला, म्हटलं, माणसांना हे आता कुणी देत नाही. पिल्लं वाचली. मग आजार असो नसो, पावडर रोजच्या खाद्यात पडायला लागली, कारण पिल्लं भरतातही लवकर. पुढे बाकीची औषधं एकेक करून निकामी झाली आणि अडगळीत टाकलेलं हेच औषध हॉस्पिटलात परत आलं. मला ते पहिल्या दिवशी कळलं. त्याची चाचणी मीच करते. भाऊजींना मात्र मी सांगितलं नाही. सुट्टीत त्यांच्याकडे जायचे, दाराशी ते पोतं बघायचे, पोटभर जेवायचे आणि परत यायचे. एका शेडने काय होतंय, अशी मनाची समजूत घालायचे. आज मला त्या समजुतीची किळस येते.

हे औषध टिकलीतून नीट पसरत नाही, म्हणून ते नळ्यांत तपासतात. प्रत्येक नळीत मागच्यापेक्षा जास्त औषध. जंतू मेले तर नळी नितळ, जगले तर गढूळ. हे औषध जंतूच्या बाहेरच्या आवरणाला चिकटतं, आवरण फाटतं आणि आतलं सगळं वाहून जातं. पण एखादा जंतू आवरणच असं बदलतो, की औषधाला चिकटायला जागा उरत नाही. आणि ही विद्या तो शेजारच्या जंतूलाही देऊन टाकतो. कोंबडीच्या पोटातून ती माणसाच्या पोटात यायला काही लागत नाही, न धुतलेला हात पुरतो.

मंगळवारी सकाळी मी नळ्या उजेडासमोर धरल्या. शेवटच्या नळीपर्यंत सगळ्या गढूळ होत्या. माझीच काही चूक झाली असेल म्हणून पुन्हा लावल्या. आयुष्यात पहिल्यांदा मला माझी चूक निघायला हवी होती. बुधवारी पुन्हा गढूळ. तोवर ताईची लघवी बंद झाली होती, आणि ताप होता तिथेच होता.

भाऊजी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसले होते. मी शेजारी बसून त्यांना सगळं सांगितलं. औषध का चालत नाही, ते जंतू कुठे शिकले असणार, आणि मला माहीत असूनही मी इतकी वर्षं कशी गप्प बसले. शेडमधली पावडर आजच बंद करा, म्हटलं. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"माणसांना लागत नाही, म्हणाली होतीस," ते म्हणाले.

"म्हणाले होते."

ते मग उठले, वॉर्डाच्या दारापर्यंत गेले आणि परत आले.

"तिला यातलं काही सांगू नकोस," ते म्हणाले. "ती त्या पोत्यातलं रोज हाताने कालवायची. मी म्हणायचो, हातात पिशवी घाल, काहीतरी घे. तर म्हणायची, माझ्या बहिणीने सांगितलेलं औषध आहे, त्याची कसली भीती."