राखणीचा डोह

आमच्या गावाच्या वर, पवना नदीला मिळणाऱ्या ओढ्यावर एक डोह आहे. ठाकरवाडीचे लोक त्याला आईचा डोह म्हणतात. काठावर शेंदूर लावलेला धोंडा आहे, तीच आई. मी लग्न होऊन आले त्याला पंचावन्न वर्षे झाली. तेव्हाही डोहाची राखण वाडीतल्या एकाच घराकडे होती. ज्येष्ठात मासळी अंड्यावर आली की दसऱ्यापर्यंत तिथे जाळे पडत नसे. दसऱ्याला राखणदार पहिले जाळे टाकायचा. पहिला मासा आईला, मग साऱ्या गावाला वाटे.

एका आषाढात माझे सासरे हौसेने जाळे घेऊन गेले. गावात त्यांचा शब्द मोठा. राखणदाराने त्यांना काठावरूनच परत पाठवले. "आबा, बाळंतिनीच्या खोलीत बाप्या मानूस शिरतो व्हय?" सासरे हसत घरी आले. त्या दिवशी पिठले केले.

त्या राखणदाराचा मुलगा कान्हू, आणि गंगी त्याची बायको.

तीन वर्षांपूर्वी प्रज्ञेश नावाचा तरुण पुण्याच्या कुठल्याशा संस्थेकडून आला. डोहातले मासे वाचवायचे होते, त्यासाठी लोकांचे मत हवे होते. त्याची भाषा वाडीला कळेना, म्हणून सगळे माझ्या ओसरीवर आले.

"सदर जलक्षेत्र राखीव असावे, या विधानाशी आपण कितपत सहमत आहात?" त्याने वाचले.

"कितपत म्हंजे? पायलीनं मोजायचं का?" गंगी म्हणाली. सगळे हसले.

"अगं, डोह राखावा का, इचारतोय," मी सांगितले.

"मंग! न राखून कसं चालंल? आमी राखतोच की."

"पूर्ण सहमत," मी प्रज्ञेशला म्हटले. त्याने खूण केली. बावीस घरांची उत्तरे मी अशीच सांगितली. सातवीपर्यंत शिकलेली मी. मनातून सुखावलेही होते.

दसऱ्याच्या आधी डोहावर पाटी लागली. राखीव क्षेत्र, प्रवेश बंद. खाली लिहिले होते, ग्रामस्थांच्या संमतीने. कान्हू पहिले जाळे टाकायला गेला, तर नव्या पहारेकऱ्याने ते काढून घेतले.

"माज्या आज्यानं राखलेला डोह हाय ह्यो," कान्हू म्हणाला.

"तुमच्याच वाडीनं हो म्हटलंय. वाचून दाखवू का?"

त्या वर्षी आई उपाशी राहिली. कान्हूने डोहाकडे जाणे सोडले. पहारेकरी महिन्यातून दोनदा यायचा, पाटीचा फोटो काढून जायचा.

पुढच्या वैशाखात पाणी आटून गुडघ्यावर आले आणि कुणीतरी मासे मारायला त्यात ब्लिचिंग पावडर ओतली. कोणी, ते अजून कळलेले नाही. गंगी मला बोलवायला आली. हातहातभर मासे, पांढरी पोटे वर करून तरंगत होते. अंडी धरलेल्या माद्याही त्यात होत्या. वासाने उभे राहवत नव्हते. कान्हू पाण्यात उतरून एकेक मासा टोपलीत घालत होता, पुरायला. नेमका तेव्हाच पहारेकरी आला आणि त्याने फोटो काढला.

त्या फोटोवरून संशय कान्हूवरच आला, चौकशीला त्याला सात फेऱ्या माराव्या लागल्या. आता तो पवनानगरच्या बाजूला पर्यटकांसाठी तंबू लावणाऱ्यांकडे भांडी घासतो.

यंदा प्रज्ञेश नवे कागद घेऊन आला. "आजी, मागच्या वेळी तुमची फार मदत झाली."

गंगी पायरीपाशी उभी होती, बसली नाही. "संरक्षणाबाबत आपण समाधानी आहात का?" त्याने वाचले.

गंगीने मलाच विचारले, "मावशी, तवा मी डोह राखायचा म्हनले व्हते. तुमी काय लिवाया सांगितलंत?"

"राखीव," मी म्हणाले. "मला दोन्ही एकच वाटलं गं."

"येकच आसतं तर मासं जित्तं आसतं," ती म्हणाली आणि वाडीच्या वाटेला लागली.

"काय म्हणाल्या त्या?" प्रज्ञेशने विचारले.

मी तिचे शब्द जसेच्या तसे सांगितले. तो कागदावर रकाना शोधत राहिला.