सरपंचांना वाट द्या

"जगाचा इतिहास गोल करणाऱ्यांनी घडवला असेल, पण हे जग आजवर टिकलं आहे ते गोल अडवणाऱ्यांमुळे!"

ऑस्ट्रियातल्या ओबरक्रोटनबाख गावचे सरपंच ओत्मार हिन्टरलाइटनर यांनी हे वाक्य उच्चारलं तेव्हा त्यांचा डावा हात समोरच्या डोंगराकडे गेला होता आणि आवाजात कंप होता. दुर्दैवानं माइक बंद होता. तो सुरू झाला तो नेमका पुढच्या वाक्याला. "गाड्या मक्याच्या शेतात लावू नका, शेतकरी शिव्या घालतोय." गावाच्या लक्षात त्या भाषणातलं एवढंच राहिलं.

ज्याच्या गौरवासाठी हे सगळं चाललं होतं तो गेरफ्रीड पोलत्सर त्या वेळी कपडे बदलायच्या खोलीत बसून बुटाची नाडी बांधत होता. बांधायचा, सोडायचा, परत बांधायचा. आज त्याचा निरोपाचा सामना होता. पण नाडीशी चाललेली ही झटापट निरोपामुळे नव्हती. सकाळी बायकोनं त्याला एक काम सांगितलं होतं, आणि ते काम आयुष्यात त्यानं कधी केलेलं नव्हतं. समोरून चेंडू घेऊन येणाऱ्या माणसाला जाऊ द्यायचं.

गेरफ्रीड फुटबॉलमधला बचावपटू होता. ऑस्ट्रियाच्या पहिल्या विभागात बरीच वर्षं, मग दुसऱ्या विभागात, मग गुडघ्यांच्या सल्ल्यानं थोडं आणखी खाली. त्याची निवड झाली तीच मुळी अपघातानं. शहरातल्या मोठ्या क्लबाचा माणूस गावात आला होता तो शेजारच्या गावच्या एका आघाडीच्या खेळाडूला बघायला. नव्वद मिनिटं तो बिचारा मान उंच करकरून बघत राहिला, पण तो खेळाडू काही त्याला दिसेना, कारण त्याच्यासमोर सतत गेरफ्रीड उभा होता. शेवटी कंटाळून त्यानं गेरफ्रीडलाच नेलं.

पुढच्या कारकिर्दीत त्यानं दोन गोल केले, त्यातला एक योग्य बाजूला. त्याचं नाक तीनदा मोडलं, पण तिसऱ्या वेळी ते परत सरळ झालं. मुलं खेळाडूंची चित्रं गोळा करून वहीत चिकटवतात, त्यात एका वर्षी त्याच्या नावाखाली भलत्याच माणसाचा फोटो छापला गेला. गेरफ्रीडनं तक्रार केली नाही. तो भलता माणूस जास्त देखणा होता. आणि राष्ट्रीय संघाचं बोलावणंही त्याला एकदा आलं. प्रशिक्षक म्हणाले, "पोलत्सर, अंग गरम कर." त्यानं केलं. सामना संपेपर्यंत करत राहिला. देशासाठी त्याच्याइतकं अंग कुणी गरम केलेलं नाही, असं गावात अभिमानानं सांगतात.

मात्र त्याच्या समोरून सहज निघून गेलो असं म्हणणारा माणूस तुम्हाला सापडणार नाही. मग समोरचा लाखमोलाचा खेळाडू असो की धर्मादाय सामन्यात आलेला टीव्हीवरचा स्वयंपाकी. त्या स्वयंपाक्याचा पाय महिनाभर प्लास्टरमध्ये होता.

आता प्रश्न होता पुढचा. विमा कंपनीनं ग्राझ शहरात नोकरी देऊ केली होती. टाय लावून, लोकांच्या दारात. गेरफ्रीडला मात्र हवं होतं क्लबाचं कॅन्टीन. मैदानाच्या कडेला लाकडी खोली, समोर बाकं, आत बायकोच्या, रोमानाच्या हातचं श्नित्सेल, म्हणजे तळलेला मांसाचा काप, आणि खिडकीतून थेट पेनल्टी क्षेत्र दिसणार. ईस्टरपासून ते बंद होतं. जुना चालक पोल्डी बहिणीकडे राहायला गेला होता. कॅन्टीन कुणाला द्यायचं हे सरपंच ठरवणार होते. उमेदवार दोन होते. एक गेरफ्रीड आणि दुसरा पेट्रोलपंपवाला लुडविग. तो सरपंचांची गाडी पुसताना काचेत स्वतःचं नव्हे, सरपंचांचं प्रतिबिंब बघतो असं लोक म्हणत.

आता गावचा एक रिवाज. इथं प्रत्येक सामन्याचा चेंडू गावातला कुणीतरी भेट देतो. कधी खाटीक, कधी छप्परवाला. त्याचं नाव माइकवरून पुकारतात आणि चेंडूला पहिला पाय तो लावतो. निरोपाचा सामना असला की ज्याचा चेंडू त्याला एक गोलही करू द्यायचा, असंही हळूहळू ठरून गेलं होतं. हे कुणी ठरवलं ते कुणालाच माहीत नव्हतं, पण तेव्हापासून निरोपाच्या प्रत्येक सामन्याला चेंडू सरपंचच देत. मागच्या वर्षी पोस्टमनच्या निरोपाला तर गोलरक्षक इतका आज्ञाधारक निघाला, की सरपंचांनी लाथ मारायच्या आधीच तो विरुद्ध बाजूला जाऊन पडला.

सकाळी रोमाना बटाट्याच्या सॅलडवर भोपळ्याच्या बियांचं तेल ओतत होती. पाहुण्यांसाठी घमेलंभर सॅलड तिनं एकटीनं केलं होतं.

"गेरफ्रीड, इकडे बघ. आज सरपंच चेंडू घेऊन येतील. तू काय करशील?"

"बघीन."

"बघशील काय? बाजूला होशील."

"एकदम बाजूला कसा होऊ? लोकांना कळेल."

"लोकांना सगळं माहीत आहे रे! मागच्या वर्षी गोलकीपर झोपला तेव्हा कळलं नाही का? टाळ्याच वाजवल्या ना?"

"तो गोलकीपर खाटकाचा जावई आहे. त्याला काय लाज."

"हो का? आणि तुला ग्राझमध्ये टाय लावून जिने चढायची हौस आहे. लग्नात टाय लावला होतास, तर फोटोत फाशी दिल्यासारखा दिसतोस." तिनं चमचा त्याच्यासमोर नाचवला. "एकदा. आयुष्यात एकदा एका माणसाला जाऊ दे. तो अठ्ठावन्न वर्षांचा आहे, पोट सुटलंय, दम लागतो. नुसता उभा राहा. पाय हलवू नकोस. एवढंच मागतेय मी."

"बरं," गेरफ्रीड म्हणाला. आणि त्याच्या मनातही खरोखर तसंच होतं.

सामना सुरू झाला. एका बाजूला गावचा संघ, दुसऱ्या बाजूला सरपंचांचा पाहुणा संघ. त्यात अग्निशमन दलाचे दोघे, एक दंतवैद्य आणि इतर वजनदार मंडळी. लुडविग गावच्या संघातून खेळत होता, गेरफ्रीडच्या पुढेच. माइकवर आलोइस क्रेनमायर. गावातल्या अंत्यविधींची व्यवस्था हाच माणूस बघतो, आणि आवाज घनगंभीर म्हणून सामन्याचं निवेदनही त्याच्याकडेच. काळ्या सुटात उभं राहून तो म्हणाला, "आजचा चेंडू आपल्याला दिला आहे सरपंच ओत्मार हिन्टरलाइटनर यांनी. आपण त्यांचे ऋणी राहू." ऐकणाऱ्यांपैकी दोघातिघांना उगाचच गलबलून आलं.

पहिला अर्धा भाग कुणाला विशेष त्रास न होता पार पडला. दंतवैद्यानं एक गोल केला, गावानं दोन केले, बँडनं प्रत्येकासाठी तेच गाणं वाजवलं. सरपंच मैदानाच्या मध्यावर कमरेवर हात ठेवून उभे होते आणि सभेला आलेल्या माणसांकडे बघावं तसं सगळ्यांकडे बघत होते.

दुसऱ्या भागात त्यांच्या पायात चेंडू आला.

ते निघाले. सावकाश, पण ठामपणे. पहिला आडवा आला तो खाटकाचा मुलगा. त्याला अचानक बुटात काहीतरी टोचलं आणि तो खाली बसला. पुढे लुडविग. लुडविगनं तर कमालच केली. तो नुसता बाजूला झाला नाही, तर किंचित वाकून, एक हात पसरून त्यानं सरपंचांना वाट दाखवली. लग्नाच्या हॉलमध्ये पाहुण्यांना दाखवतात तशी.

"या, या सरपंच!"

"आलो रे, आलो!" सरपंच धापा टाकत म्हणाले.

आता पुढे फक्त गेरफ्रीड होता. त्याच्या मागे गोलरक्षक आतापासूनच कुठल्या बाजूला पडावं याचा अंदाज घेत होता. गेरफ्रीड उभा राहिला. पाय हलवायचा नाही. त्यानं कॅन्टीनची खिडकी डोळ्यांसमोर आणली. श्नित्सेल आणलं. टाय आणला. कडेवरून रोमानाचा आवाज आला, "उभा राहा रे, नुसता उभा राहा!"

आणि सरपंचांनी नेमकी तेव्हाच ती चूक केली. त्यांनी खांदा पाडून डावीकडे जायचं नाटक केलं आणि चेंडू उजवीकडे ढकलला.

तसं न करता ते सरळ आले असते, तर गेरफ्रीड कदाचित उभा राहिलाही असता. पण सतरा वर्षं ज्या माणसाला लोक खांदा पाडून फसवायला बघत होते, त्याच्या पायांना मालकाची परवानगी लागत नाही. त्याला स्वतःला कळलं तेव्हा तो गवतावरून घसरत निघाला होता. चेंडू त्याच्या बुटाला लागून थेट मैदानाच्या कडेला मांडलेल्या सॅलडच्या टेबलाकडे गेला. आणि सरपंच वर गेले. थोडा वेळ ते तिथंच होते. त्या वयाचा, त्या वजनाचा माणूस हवेत सहसा बघायला मिळत नाही, त्यामुळे लोक बाकांवर उभे राहून बघू लागले. मग ते पाठीवर उतरले.

शिट्टी वाजली. शेजारच्या गावाहून आलेल्या पंचानं बोटानं पेनल्टीची जागा दाखवली.

गेरफ्रीड टुणकन उठला, दोन्ही हात वर. "चेंडू! चेंडूच होता! पायाला हात... म्हणजे पाय लागलाच नाही!"

"गेरफ्रीड, गप्प बस!" कडेवरून रोमाना किंचाळली.

"अगं पण चेंडू होता!"

"कॅन्टीन होतं ते, मूर्खा!"

आलोइस माइक घेऊन काळ्या सुटात मैदानावर धावत निघाला. पडलेल्या माणसाकडे आलोइसला धावताना बघून प्रेक्षकांत एका म्हाताऱ्यानं टोपी काढली.

गेरफ्रीड सरपंचांजवळ गेला. ते आकाशाकडे बघत पसरले होते.

"लागलं का हो?"

"गप्प राहा. विचार करतोय."

पंचही येऊन वाकला. "सरपंच, पेनल्टी तुम्हीच घेणार ना?"

सरपंचांनी पंचाकडे बघितलं, मग गेरफ्रीडकडे. सगळं गाव बघत होतं. पुढच्या वसंतात निवडणूक होती.

"चेंडू होता," सरपंच म्हणाले.

"काय?"

"त्यानं चेंडूच काढला. स्वच्छ. मी पडलो तो माझा मी पडलो. आलोइस, माइक दे. आणि तू जरा लांब उभा राहा, तुला बघून बरं वाटत नाही."

माइक हातात आला. सरपंच उठले नाहीत. झोपूनच बोलायला लागले, आणि ते त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात आखूड भाषण ठरलं.

"मंडळी, मी जिवंत आहे. या मैदानावर मी बरेच गोल केलेत. माझी समजूत होती की मी बरा खेळतो." ते थांबले. "आज ती गेली."

बाकांवरून हसू फुटलं. कुणीतरी ओरडलं, "आमची तर पहिल्याच गोलला गेली होती, सरपंच!"

"तेव्हा बोलला असतास तर! असो. आता कॅन्टीनचं. पोल्डी सोन्यासारखा माणूस, पण त्याला नाही म्हणता येत नव्हतं. रविवारी सकाळी बँडवाले एक पेला घ्यायला बसायचे आणि सोमवारी तुतारी कुणाची ते ओळखत बसायचे. बायकांनी माझ्याकडे तक्रारी केल्या."

"तुमच्या बायकोनं, हर्मिनेनं, कुणाबद्दल केली तेही सांगा!" बँडच्या बाजूनं आवाज आला.

"सांगतो की. माझ्याबद्दल केली. खोटं कशाला बोलू? आज मी गोल केला असता तर कॅन्टीन लुडविगला दिलं असतं. कालच मनाशी ठरवलं होतं. पण इथं पडल्या पडल्या डोकं स्वच्छ झालं. लुडविग, तू गुणी मुलगा आहेस, पण दुपारच्या उन्हात, शुद्धीवर असलेल्या सरपंचाला जो अडवत नाही, तो रात्री चौथा पेला मागणाऱ्या सरपंचाला काय अडवणार?"

"मी अडवीन, सरपंच!" लुडविग लांबून म्हणाला. "तुम्ही म्हणाल तर नक्की अडवीन!"

"हेच. हेच म्हणतोय मी." सरपंचांनी सुस्कारा सोडला. "कॅन्टीन गेरफ्रीड पोलत्सरचं. आणि त्याच्या बायकोचं. सॅलड तिनं केलंय ना? मग तिचं नाव आधी घाला."

बँडनं तेच गाणं वाजवलं. सॅलडच्या टेबलापासून रोमाना चमचा हातात घेऊनच मैदानात धावली, पंचाला ढकलून पुढे आली, आणि तिनं नवऱ्याला आधी चमच्यानं एक मारली, मग मिठी मारली. आलोइसनं रुमाल काढून डोळे टिपले. त्याच्या धंद्यात आनंदानं रडायचे प्रसंग कमी येतात. खाटकाचा मुलगाही बूट झटकून उभा राहिला.

गेरफ्रीडनं बाकांकडे बघितलं. सतरा वर्षांत वर्तमानपत्रांनी त्याच्याबद्दल 'भरवशाचा' यापलीकडे एक शब्द लिहिला नव्हता, आणि आज सगळं गाव उभं राहून टाळ्या वाजवत होतं, तेही त्यानं सरपंचांना आडवं केल्याबद्दल. आपणही काहीतरी बोललं पाहिजे असं त्याला वाटलं. त्यानं छातीवर हात ठेवला, डोंगराकडे बघितलं आणि सुरुवात केली.

"सरपंच, तुम्ही आज मला जे दिलंत... मी जमिनीवर उभा आहे असं मला अजूनही वाटत नाहीये. मी जन्मभर..."

"जमिनीवर नाहीच आहेस," खालून सरपंच हळूच म्हणाले. "बाकीचं नंतर बोल, लेका. आधी तेवढा पाय उचल. माझ्या बाहीवर आहे."