यादीत ताईंचं नाव

नौपाड्यातल्या वकील मृणालबाईंनी स्वानंदला बजावून सांगितलं होतं, दिवाळखोरीचा अर्ज करायचा तर ज्यांचं ज्यांचं देणं आहे, त्या प्रत्येकाचं नाव यादीत हवं. एक जरी लपवलं तरी अर्ज बुडाला, आणि वसुलीवाले पुन्हा दारात. शिवाय यादीतल्या प्रत्येकाच्या घरी कोर्टाची नोटीस जाणार.

कोलशेतची नोकरी गेल्यापासूनची सगळी कर्जं स्वानंदने लिहून काढली. क्रेडिट कार्डं, मोबाइलवर घेतलेली कर्जं, फ्रिजचे हप्ते. फक्त भावनाताईचं, त्याच्या थोरल्या बहिणीचं, नाव लिहिलं नाही. ताईंनी नवऱ्याला न सांगता एफडी मोडून त्याला दोन लाख दिले होते.

"घरचं नाव कोर्टात नेतेस?" बायकोने, सुमेधाने, ते नाव का नाही विचारलं तेव्हा तो म्हणाला. "तुझ्या बांगड्या मोडून तिचे आधी गुपचूप देऊन टाकू."

"अर्जाच्या तोंडावर नातेवाइकाला आधी दिले, तर कोर्ट ते परत मागवू शकतं. वकीलबाई बोलल्या तेव्हा तू कुठे होतास?"

बेल वाजली की त्यांची अडीच वर्षांची सान्वी हल्ली तोंडावर बोट ठेवून सोफ्यामागे लपायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. सुमेधाने तिला कडेवर घेतलं आणि संध्याकाळी थेट कोपरला ताईंचं घर गाठलं.

ताई भेंडी चिरत होत्या. ऐकता ऐकता सुरी थांबली.

"नोटीस? या घरी? अगं, यांना वाटतंय एफडी बँकेतच आहे!"

"म्हणून तर आधी आले, ताई."

"मग गाळ ना नाव! कोण बघायला येतंय?"

"खात्याचे उतारे जोडावे लागतात. तुमचे पैसे आलेले त्यात दिसतायत."

"होम करता हात पोळले म्हणतात ते हेच. आणि वर बाईसाहेब मला कायदा शिकवायला आल्यात!"

सुमेधाचे कान तापले. उठून जावंसं वाटलं, पण ती उठली नाही.

"पोळले खरे तुमचे हात. पण प्रशांतरावांना पोस्टमनकडून कळायला नको. तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते. ते येईपर्यंत मी थांबणार."

"थांब बाई. चहा मात्र विचारणार नाही."

पाऊण तासाने प्रशांतराव आले. "अरे वा, सान्वीबाई! वाट चुकलात?"

सुमेधा बोलणार, तोच ताई म्हणाल्या, "अहो, बसा आधी. आपली एफडी मी मोडली. स्वानंदला दिले."

त्यांनी बूटही काढले नव्हते. तसेच ते सुमेधाकडे वळले. "आणि तू कशाला आलीस?"

"सगळे परत मिळतील असं सांगायला नाही. किती मिळतील ते कोर्ट ठरवेल. पण ताईंचं नाव लपवून मी अर्ज करू देणार नाही."

ते आत गेले. नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला. तोंड पुसत बाहेर आले ते ताईंकडे न बघताच.

"पत्ता नीट लिही," ते सुमेधाला म्हणाले. "बी विंग. मागच्या वेळी आमचं टपाल ए विंगला गेलेलं. अख्ख्या सोसायटीने वाचायला नको."

सुमेधाने पर्समधून यादी काढली आणि ताईंच्या समोरच तिच्यात त्यांचं नाव आणि पत्ता लिहायला घेतला.